चाळिशीनंतर सिरॅमाइडचं क्रीम लावलं तर सुरकुत्या जातात का?

खोल सुरकुत्या जात नाहीत. कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या बारीक रेषा मात्र कमी होतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांपैकी वजनाने साधारण ५० टक्के सिरॅमाइडच असतात. वयाबरोबर ते घटतात, ओलावा टिकत नाही आणि त्वचा ओढल्यासारखी, खरखरीत होते. क्रीम ही उणीव वरून भरून काढतं. खालचं कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) वाढवणं त्याचं काम नाही, डबीवर काहीही छापलेलं असो. आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावा. सुरकुत्यांसाठीच पैसे घालायचे असतील तर आधी सनस्क्रीन, मग रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं, त्वचेला लावायचं द्रव्य). रेटिनॉइडने चेहरा कोरडा पडतो, तिथे सिरॅमाइड खरं कामाला येतं. गरोदरपणात मात्र रेटिनॉइड नको.