राजाचं डोकं आणि राजाचा अभिषेक

चि. अनयास अनेक आशीर्वाद.

मंडळातल्या शिवराज्याभिषेक सोहळ्यानंतर तू विचारलंस, "बाबा, इंग्लंडमध्ये लोकांनी राजाचं डोकं उडवलं, आणि आपण राजा सिंहासनावर बसला म्हणून ढोल वाजवतो. असं का?" दोन्ही गोष्टी एकाच शतकातल्या आहेत, म्हणून नीट लिहितो.

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स मानायचा की राजाला सत्ता देवाने दिली, तेव्हा जाब विचारायचा तो देवाने. अकरा वर्षं त्याने पार्लमेंट भरवलंच नाही. मग स्कॉटलंडवर नवी प्रार्थनेची पोथी लादली, तिथे बंड झालं, लढायला पैसा हवा आणि पैशासाठी पार्लमेंट हवं. तिथून राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलं, आणि राजा हरला. लंडनच्या बँक्वेटिंग हाउसच्या छतावर त्याने चित्रकार रुबेन्सकडून आपले वडील स्वर्गात जात असल्याची चित्रं करून घेतली होती. ३० जानेवारी १६४९ला त्याच दालनातून त्याला वधस्तंभाकडे नेलं. थंडीने अंग कापलं तर लोकांना वाटेल तो घाबरलाय, म्हणून त्याने दोन सदरे चढवले होते. त्याचं राज्य मला पटत नाही, पण हे वाचलं की वाईट वाटतंच.

एवढं करून प्रश्न सुटला का? नाही. १६६०मध्ये त्याच्याच मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, परत बोलावलं. त्याच्यानंतरचा राजा, त्याचा भाऊ जेम्स, कॅथलिक होता, आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडला ते नको होतं. १६८८मध्ये तो पळाला तेव्हा राजमुद्रा थेम्स नदीत टाकून गेला, कारण तिच्याशिवाय रीतसर पार्लमेंट बोलावता येत नसे. पुढच्याच वर्षी कायदा झाला: पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, आणि कॅथलिक माणूस गादीवर नाही. पहिलं कलम मला मोलाचं वाटतं. दुसरं अन्यायाचं आहे, आणि ते अजून चालू आहे.

आता महाराज. दुसऱ्या चार्ल्सचा आणि त्यांचा जन्म १६३०चाच. पण चार्ल्सला गादी वारशाने मिळाली. महाराजांकडे किल्ले, फौज, खजिना सगळं होतं, तरी पातशाह्यांच्या लेखी ते एका सरदाराचे बंडखोर चिरंजीवच. आपल्या नावाने न्याय करायचा, तह करायचे, तर राजा म्हणून मान्यता हवी. धर्म इथेही आडवा आला. त्यांच्या क्षत्रियत्वावर आक्षेप घेतले गेले, काशीच्या गागाभट्टांनी ते मान्य केलं, आणि अभिषेकाआधी महाराजांची मुंज झाली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. हे तुला माहीत असायला हवं, कारण सोहळ्याच्या भाषणांत ते कुणी सांगत नाही.

आपण ढोल वाजवतो ते यासाठी, की आपल्या मुलखात आपलं राज्य रीतसर उभं राहिलं.

त्या दिवशी, ६ जून १६७४ला, रायगडावर एक इंग्रजही हजर होता, हेन्री ऑक्झिंडेन. तो मुंबईहून आला होता. ही मुंबई दुसऱ्या चार्ल्सला लग्नात आंदण मिळाली होती, आणि त्याने ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली होती! ऑक्झिंडेनने सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांच्या टोकांवर काय पाहिलं ते लिहून ठेवलंय: सोन्याची मोठ्या दातांची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल उभा असलेला सोन्याचा तराजू, न्यायाचं चिन्ह म्हणून. नोंद इंग्रजीतच आहे. तुमच्या इतिहासाच्या बाईंना दाखव, वर्गात वाचतील.

तुझा,
बाबा