‘सोयीस्कर फलन’ की ‘सोयीचं फलन’?

नांदेडचा एक विद्यार्थी हास्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर मराठीत टिपणं काढतोय. प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबरच मिळणाऱ्या तयार फलनांच्या (फंक्शन्सच्या) साठ्यात, अधूनमधून जी छोटी ‘कन्व्हीनियन्स फंक्शन्स’ घालतात, त्यांना त्याने ‘सोयीस्कर फलनं’ लिहिलं. मित्राला ते खटकलं. का खटकलं आणि मग काय लिहावं, असं तो विचारतो.

मित्राचा कान बरोबर आहे. ‘सोयीस्कर मौन’, ‘सोयीस्करपणे विसरला’ अशा वापरामुळे ‘सोयीस्कर’ला लबाडीचा वास चिकटलाय. ‘सोय’ मात्र अजून स्वच्छ आहे. लातूरला शिकायला येणाऱ्या पोराचे वडील आधी हेच विचारतात, ‘राहायची-खायची सोय काय?’ म्हणून ‘सोयीचं फलन’ लिहा. ‘सहाय्यक फलन’ नको, कारण ते ‘हेल्पर’साठी लागतं. हेल्पर एखाद्या फलनाच्या पोटात, त्याच्यापुरतं राबतं. सोयीचं फलन सगळ्यांच्या हाताशी ठेवलेलं असतं. ‘फलन’ ठेवलंत हेही बरं. ‘फंक्शन’ म्हटलं की आमच्याकडे साखरपुडा, बारसंच डोळ्यासमोर येतं.

‘सोयीचं’ मला आवडतं त्याचं खरं कारण वेगळं आहे. हा शब्द ऐकला की ‘कुणाच्या?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि अशी फलनं घालताना सगळा वाद याच प्रश्नावर होतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे एका ओळीचे कष्ट वाचतात, पण नाव मात्र प्रत्येकाला लक्षात ठेवावं लागतं. लक्षात ठेवायच्या ओझ्यापेक्षा नावाचा उपयोग जिथे वरचढ होतो, त्या उंबरठ्याला हास्केलवाले ‘फेअरबेर्न थ्रेशोल्ड’ म्हणतात.

हा उंबरठा मराठीला फार आधीपासून ठाऊक आहे. लातूरच्या आडतीवर तुरीचं माप चाललेलं ऐका: दीड क्विंटल, अडीच क्विंटल, मग साडेतीन, साडेचार. ‘साडेएक’ किंवा ‘साडेदोन’ कुणी म्हणत नाही. तीनपासून पुढे ‘साडे’चा नियम पुरतो, पण एक आणि दोनच्या पुढचा अर्धा रोज इतक्या वेळा तोंडात येतो की भाषेने त्यांना स्वतंत्र नावं दिली. अडीच म्हणजे मुळात ‘अर्धतृतीय’, अर्ध्यावर असलेला तिसरा. याच घडणीचा, ‘अर्धचतुर्थ’वरून आलेला, साडेतीनसाठीचा ‘औट’ही होता. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकीबरोबर औटकी घोकून घेत. 1957 साली दशमान नाणी आली, त्या पाढ्यांची गरज सरली. दीड-अडीच टिकले, औट मात्र ‘औटघटकेचं राज्य’ यात तेवढा उरला. वापर उंबरठ्याखाली गेला की नावाचं असं होतं.

आता हास्केलमधली दोन नावं या मापाने मोजा. ‘सिंगलटन’ एका घटकाची यादी करून देतं. यादीसाठी ते 2021 साली आलं. घटकाभोवती चौकोनी कंस टाकला तरी तेच काम होतं, आणि तेही कमी अक्षरांत. म्हणून ‘हवं कशाला?’ ही शंका रास्त आहे. पण तेच काम दुसऱ्या फलनाच्या हाती सोपवायचं असेल तर कंस आणि विसर्गासारखी ठिपक्यांची चिन्हं जुळवत बसावं लागतं. तिथे नाव वाचायला सोपं पडतं. माझ्या लेखी ते उंबरठ्यावर आहे, जेमतेम आत.

‘अनस्नॉक’ निःसंशय आत. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या 9.8 आवृत्तीबरोबर ते 2023 साली प्रमाण लायब्ररीत आलं. यादीचा शेवटचा घटक आणि उरलेली यादी ते जोडीने देतं. यादी रिकामी असेल तर ‘काही नाही’ असं सांगतं. हेच हाताने ‘इनिट’ (शेवटचा सोडून बाकीची यादी) आणि ‘लास्ट’ (शेवटचा घटक) वापरून केलं तर यादी दोनदा चालावी लागते, आणि रिकामेपणा तपासायचा राहिला तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. नाव मात्र अवघड: यादीच्या डोक्याला घटक जोडणारं ‘कॉन्स’ उलटं लिहून शेवटाला जोडणारं ‘स्नॉक’, आणि त्याच्या उलट क्रिया म्हणून पुढे ‘अन’. टिपणात याचं भाषांतर करू नका. नाव तसंच ठेवा आणि पुढे ‘शेवटचा सुटा करणारं’ एवढं लिहा.

अनेकवचन बोलीत ‘सोयीची फलनं’, छापील लेखनात ‘सोयीची फलने’. ‘सोयफलन’ असा समास करू नका, त्यात ‘कुणाच्या?’ विचारायला जागाच राहत नाही.