उचल कुणाच्या नावावर?

प्रश्न : बाई, मी पुण्यात एका पतसंस्थेत क्लार्क आहे, पगार 22 हजार. घर पाटोदा तालुक्यात. आई-अण्णा माझ्या जन्माआधीपासून ऊसतोडीला जातात. यंदा बहिणीच्या लग्नापायी अण्णांनी मुकादमाकडून, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, पुन्हा 1 लाखाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली. मी म्हणालो, कर्ज काढून फेडतो, जाऊ नका. ते म्हणाले, ‘तुझ्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा माझ्याच असू दे.’ ऑफिसात मी ‘घरी शेती असते’ एवढंच सांगतो. कर्ज काढू का?

उत्तर : ‘घरी शेती असते’ हे मीही डी.एड.ला सांगायची. कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलेय मी. ते राहू दे, आधी हिशेब करू.

जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण 366 रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला दोनेक टन तोडतात. लाख फेडायला 273 टन. म्हणजे साडेचार महिने, तेही एक खाडा न पडता. हंगामच जेमतेम तेवढा. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले चार पैसे घेऊन ते गावी येणार. मग पावसाळ्यात बियाणं, दवाखाना, की पुन्हा मुकादमाचं दार. तो कागदपत्रं मागत नाही, रात्री अकरालाही पैसे देतो. तुझ्या कर्जानं यंदाची उचल फिटेल, पुढच्या श्रावणातली नाही. त्यापेक्षा जून ते सप्टेंबर जमेल तेवढे घरी पाठव, आईच्या खात्यावर.

फेडायचीच ठरली तर टोळी निघायच्या आधी फेड, बँकेतून, आणि उचल लिहून दिलेला स्टॅम्पपेपर हातात परत घे. माझ्या चुलत्यानं रोख दिले आणि एकच उचल दोनदा फेडली.

आता दुसरं. पत्रात अण्णांचं म्हणणं आलं, आईचं एक वाक्य नाही. अर्धा कोयता तिचा आहे रे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी तीच, पहाटे भाकरी थापणारीही तीच.

मला नोकरी लागल्यावरही माझी आई दोन हंगाम गेली. मला वाटायचं, सवय सुटत नाही. ती थांबली असती तर वडील ‘अर्धा कोयता’ ठरले असते, आणि एकट्याला मुकादम कमीच उचल देई. हे तिनं सांगितलं, पण मी विचारल्यावर. विचारायला मला सात वर्षं लागली.

दसऱ्याआधी गावी जा. अण्णा पारावर गेले की तिच्याजवळ बस.