हचिन्सन राज्यपाल का गव्हर्नर?

प्रश्न असा आलाय, की अमेरिका ब्रिटिशांच्या ताब्यात असताना मॅसॅच्युसेट्स प्रांताचा कारभार पाहणाऱ्या बॉस्टनच्या थॉमस हचिन्सनवर मराठीत लेख लिहिताना त्याला 'मॅसॅच्युसेट्सचा राज्यपाल' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नको, सरळ गव्हर्नर लिहा.

'राज्यपाल' हा चांगला शब्द आहे, पण तो आपल्याकडे रुळला राज्यघटनेमुळे, १९५० नंतर. तो ऐकला की राजभवन, शपथविधी आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणारा माणूस डोळ्यापुढे येतो. आपला राज्यपाल काय नि हचिन्सन काय, दोघांनाही वरून नेमलेलं हे साम्य खरंय, पण तेवढंच. हचिन्सनला नेमलं ब्रिटनच्या राजाने, १७७१ साली, आणि १७७२ पासून त्याचा पगारही स्थानिक सभेऐवजी राजाकडून यायला लागला, त्यावरून लोक भयंकर चिडले, कारण पगार हातात असला की थोडा तरी वचक राहतो ना. १६ डिसेंबर १७७३ ला चहाच्या एका जहाजाचा मालक हचिन्सनच्या मिल्टन गावातल्या घरी गेला, जहाज माल न उतरवता परत न्यायचा परवाना द्या म्हणाला, हचिन्सनने दिला नाही, आणि त्याच रात्री चिडलेल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, तीच 'बॉस्टन टी पार्टी'. एका माणसाच्या नकारात एवढी ताकद होती, ती 'राज्यपाल' शब्दात येतच नाही.

बरं, गव्हर्नर काही परका राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपण रोज वाचतोच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जहाज हाकणं, म्हणजे आपलं सुकाणू धरणं. सुभेदार वगैरे मात्र नको, लगेच मोगलाई आठवते.

गव्हर्नर होण्याआधी १७५८ पासून हचिन्सन लेफ्टनंट गव्हर्नर होता, तिथे 'नायब राज्यपाल' लिहिलंत तर वाचक थेट दिल्लीत पोचेल! आणि आजचा टेक्सासचा गव्हर्नर निवडून येतो, कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, त्यामुळे 'ब्रिटिश गव्हर्नर' किंवा 'राजाने नेमलेला गव्हर्नर' असं पहिल्या उल्लेखात तरी स्पष्ट करा.

अजून एक, लेखात त्याला नुसता 'इंग्रज गव्हर्नर' करू नका. तो जन्मला बॉस्टनलाच, १७११ मध्ये, आणि आपल्या प्रांताचा इतिहास त्याने मनापासून लिहिला. ऑगस्ट १७६५ मध्ये जमावाने घर फोडलं तेव्हा त्या इतिहासाचं हस्तलिखित रस्त्यावर चिखलात पडलं होतं, एका ओळखीच्या पाद्र्याने पानं गोळा करून आणून दिली. १७७४ ला तो इंग्लंडला गेला, १७८० मध्ये तिथेच वारला, बॉस्टन पुन्हा दिसलंच नाही.