उत्तर मॅसेडोनियातल्या गालिच्निक गावाची लोकसंख्या खरंच 3 आहे का?

2002 च्या जनगणनेत 3 हाच आकडा नोंदला आहे, त्यामुळे ऐकलंत ते खोटं नाही. पण ही बारमाही राहणाऱ्यांची मोजदाद. उन्हाळ्यात बंद घरं उघडतात, गाव भरतं.

बिस्त्रा डोंगराच्या उतारावर, साधारण 1,400 मीटरवर हे दगडी घरांचं गाव आहे. इथले मियाक लोक मेंढपाळ आणि लाकडावरच्या कोरीवकामात पटाईत. ऑटोमन काळात इथे माणसांची आणि मेंढरांची चांगलीच वर्दळ होती. हिवाळ्यात कळप दक्षिणेकडे सखल कुरणांत उतरायचे. 1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर मधेच सरहद्द आली आणि हा धंदा बसला. पुरुष तर आधीपासूनच कामासाठी परमुलखात जायचे. या जाण्याला तिकडे 'पेचाल्बा' म्हणतात. मग कुटुंबंही शहरांत गेली.

गावाची खरी ओळख म्हणजे लग्न. परगावचे पुरुष पेत्रोव्हदेनला, म्हणजे 12 जुलैला, घरी यायचे आणि सगळी लग्नं तेव्हाच उरकायची. आता दरवर्षी त्या सुमारास एका निवडलेल्या जोडप्याचं लग्न जुन्या रीतीने लागतं. नवरदेव पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन त्यांना आमंत्रण देतो (आपल्याकडे देवक बसवतात, त्याची आठवण होते). झुर्ला हे सनईच्या कुळातलं वाद्य आणि मोठा ढोल वाजत असतो. 'तेश्कोतो' नाच अगदी संथ सुरू होतो, आणि शेवटी म्होरक्या ढोलावर चढून नाचतो.