प्रश्नोत्तरे : आरमार आधी की ठाणी?

प्रश्न : ‘स्टेलारिस’ या अंतराळात साम्राज्य उभारण्याच्या व्हिडिओ गेममध्ये मी सुरुवातीलाच मोठे आरमार उभारतो, तरीही साम्राज्य लवकरच कंगाल होते. असे का होते?

उत्तर : युद्धनौका नुसत्या उभ्या असल्या, तरी त्यांच्या देखभालीसाठी दरमहा ऊर्जा आणि मिश्रधातू खर्च होतात. म्हणून खेळातल्या २२०० साली सुरुवात होताच जादा नौकांऐवजी दुसरे विज्ञानजहाज बांधावे आणि भोवतालच्या ताऱ्यांचे सर्वेक्षण उरकावे, कारण त्याशिवाय तेथे ठाणे, म्हणजे तो तारा आपल्या ताब्यात आणणारे अंतराळस्थानक, उभारता येत नाही. ठाण्यासाठी मिश्रधातूंबरोबर ‘प्रभाव’ही (खेळातले राजकीय वजनाचे साधन) लागतो, तो फार सावकाश साठतो आणि आपल्या हद्दीपासूनचे अंतर वाढेल तसा अधिक खर्ची पडतो, त्यामुळे दिसेल तो तारा घेत सुटण्यापेक्षा, जेथे अनेक मार्ग एकत्र येतात तो नाक्याचा तारा प्रथम ताब्यात घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. मागचा प्रदेश नंतर सवडीने भरता येतो.