आधी फॉर्म २०, मग मत

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

२०२४ च्या विधानसभा निकालावरचा तुझा लेख दोनदा वाचला. भाषा चांगली आहे आणि चीडही खरी आहे. पण त्यात मत पहिल्याच ओळीत येतं आणि आकडा शेवटच्या परिच्छेदात, तोही टीव्हीच्या पट्टीवरून उचललेला. राज्यशास्त्राच्या पदवीधरांचा हा नेहमीचा घोळ आहे. तीन वर्षं पक्षपद्धती आणि वर्चस्व शिकायचं, आणि निवडणूक आली की टपरीवरचीच वाक्यं जरा जड शब्दांत लिहायची. 'मतदान वाढलं म्हणजे सरकारविरोधी लाट.' 'अमुक समाज एकगठ्ठा फिरला.' 'तिसऱ्याने मतं खाल्ली.' तुझ्या लेखात ही तिन्ही आहेत. टपरीवर ती चालतात, तिथे कुणी हिशेब मागत नाही. तुझ्याकडे मागतील, आणि तो हिशेब फॉर्म २० या केंद्रनिहाय निकालपत्रकातून मांडायचा असतो.

टक्केवारीचं आधी उरकून घेऊ. १९९५ ला महाराष्ट्रात ७१ टक्क्यांच्या पुढे मतदान झालं, काँग्रेसचं सरकार गेलं आणि ४५ अपक्ष निवडून आले. २०२४ च्या नोव्हेंबरात मतदान ६६.०५ टक्के झालं, म्हणजे २०१९ पेक्षा साडेचारेक टक्के जास्त, आणि सत्तेत असलेली महायुती २८८ पैकी २३० जागा घेऊन परत आली. नुसत्या वाढीवरून दिशा कळत नाही, एवढं या दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की पुरे. शिवाय टक्केवारीला छेद असतो, तो कुणी बघत नाही. एका केंद्राच्या यादीत १,००० नावं आहेत आणि ६०० जणांनी मत दिलं, तर ६० टक्के. पुढच्या वेळी यादीतली मयत, स्थलांतरित आणि दुबार अशी १०० नावं फॉर्म ७ वरून वगळली आणि तेच ६०० जण आले, तर टक्केवारी ६६.७. एकही जास्तीचा माणूस आला नाही, पण तुझ्या लेखात 'उत्साह' येऊन बसला. म्हणून आधी मतदारांचा आकडा लिही, मग मतांचा, टक्के शेवटी.

संध्याकाळी ५ चे ५८.२२ आणि अंतिम ६६.०५ यांतल्या फरकावर तू संतापून लिहिलं आहेस. प्रश्न विचारायला हरकत नाही, पण कोणता कागद मागायचा ते माहीत हवं. दिवसभर दर दोन तासांनी येणारे आकडे केंद्रांवरून तोंडी किंवा ॲपवर कळवलेले, अंदाजी असतात. कायद्याचा कागद म्हणजे फॉर्म १७ सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक, १७ ए या नोंदवहीप्रमाणे आलेले मतदार, सही करून मत न देता गेलेले, मशीनमधली एकूण मतं आणि सीलचे क्रमांक भरतो. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला मिळते. ६ वाजता रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटतात, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे मागून कुणी घुसू नये. अशा रांगा काही ठिकाणी रात्रीपर्यंत चालतात. तेव्हा आक्षेप घ्यायचा तर 'आमच्या मतदारसंघातल्या इतक्या केंद्रांच्या १७ सी प्रती आणि मोजणीतला आकडा जुळत नाही' असा घ्यावा. तुझ्या ओळखीच्या कुठल्याही पक्षाच्या बूथप्रमुखाकडे त्या प्रतींचा गठ्ठा माग. तो सापडतो की नाही, यावरून त्या पक्षाच्या संघटनेबद्दल तुला दहा मुलाखतींपेक्षा जास्त कळेल.

आता मुख्य गोष्ट, फॉर्म २०. हे मतदारसंघाचं केंद्रनिहाय निकालपत्रक. उभ्या रकान्यांत उमेदवार, आडव्या ओळींत केंद्र क्रमांक, शेवटी नोटा (वरीलपैकी कुणीही नाही), एकूण मतं आणि प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर जे मत कागदावर घेतात आणि लिफाफ्यात ठेवतात ते). मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. लोकसभेचा फॉर्म २० विधानसभा क्षेत्रानुसार असतो, म्हणून २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा एकाच क्षेत्रात शेजारी ठेवता येतात. मध्ये फक्त सहा-सात महिने. लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३०, विधानसभेत तिच्या तीन मुख्य पक्षांना मिळून ४६ जागा. हा पालट कुठल्या केंद्रांवर झाला हे बघायची अशी संधी वारंवार येत नाही.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, केंद्रांचे क्रमांक बदलतात. लोकसभेचं १४७ नंबरचं केंद्र विधानसभेत १५१ झालेलं असतं, एखाद्याचे दोन झालेले असतात. क्रमांकावर जुळवणी केली की सगळं पुढे सरकतं आणि तुला भलतीकडेच लाट दिसते. शाळेचं नाव, खोली आणि यादीभागातल्या वस्त्यांची नावं घेऊन हाताने जुळव. एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रं असतात, दोन रविवार जातील. दुसरं, टपाली मतं केंद्रांच्या ओळीत नसतात, शेवटी वेगळी असतात. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल ४८ मतांवर लागला आणि मालेगाव मध्य विधानसभेचा १६२ वर. अशा ठिकाणी ती ओळ विसरून चालत नाही. तिसरं, फॉर्म २० मध्ये स्त्री-पुरुष नसतात. 'लाडक्या बहिणींनी निकाल फिरवला' हे वाक्य त्यातून निघत नाही. किती महिलांनी मत दिलं हे आयोग सांगतो. कुणाला दिलं, हे फक्त सर्वेक्षणातून कळतं आणि त्याला त्रुटीची मर्यादा असते. दीड हजार रुपयांचा परिणाम झाला नसेल असं मी म्हणत नाही, तू तो सिद्ध केलेला नाहीस एवढंच म्हणणं आहे.

जातीच्या गणिताकडे येऊ. तुझा सगळ्यात मोठा परिच्छेद त्यावर आहे आणि सगळ्यात कच्चाही तोच. समज एका केंद्रावर ८०० मतं पडली. त्यातली ५६० एका समाजाची, २४० इतरांची. उमेदवाराला मिळाली ४८०. तू लिहिशील, 'समाजाने ६० टक्के साथ दिली'. आता हिशेब कर. इतरांची सगळी २४० त्यालाच गेली असतील तर समाजाची उरतात २४०, म्हणजे ५६० पैकी ४३ टक्के. इतरांचं एकही गेलं नसेल तर सगळी ४८० समाजाची, म्हणजे ८६ टक्के. खरा आकडा ४३ ते ८६ मध्ये कुठेही असू शकतो. जिथे एकाच समाजाची ९५ टक्के वस्ती आहे तिथे हे अंतर खूप आकसतं, म्हणून अशीच केंद्रं निवडायची. पण मग लक्षात ठेवायचं की एकजिनसी वस्तीत राहणारा माणूस आणि मिश्र वस्तीत राहणारा त्याच समाजाचा माणूस एकसारखं मत देतातच असं नाही. आणि ते ५६० आले कुठून? यादीतल्या आडनावांवरून. पाटील ही मुळात वतनाची पदवी, ती मराठा, कुणबी, आगरी, लेवा, जैन, लिंगायत सगळ्यांत आहे. जाधव बंजाऱ्यांत आहेत, मराठ्यांत आहेत, बौद्धांतही. पवारांचं तसंच. गावातल्या जाणत्या माणसाबरोबर बसून यादी वाचल्याशिवाय आडनावांवर जात लावू नकोस. आणि लावलेली यादी कुणाला देऊ नकोस. तिचे गिऱ्हाईक बरेच असतात.

'मतं खाल्ली' हा शब्दप्रयोगच मला खटकतो, कारण त्यात ती मतं आधी कुणाच्या तरी ताटात होती असं गृहीत धरलेलं असतं. तरी हिशेब मांडू. पहिल्याला ८०,०००, दुसऱ्याला ७५,०००, तिसऱ्याला १२,०००. फरक ५,०००. तिसरा नसता तर त्याचे ३० टक्के मतदार घरीच बसले असते असं धर. उरले ८,४००. दुसऱ्याला जिंकायला त्यातली ६,७०० च्या वर हवीत, म्हणजे जवळपास ८० टक्के. १२,००० हा आकडा ५,००० पेक्षा मोठा दिसतो म्हणून तू निकाल लावून मोकळा होतो आहेस, पण मधली अट ८० टक्क्यांची आहे. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी हरले आणि वंचितच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ६६ हजार मतं होती. तिथे हेच गणित केलं तर दर तिघांमागे दोघं काँग्रेसकडे जायला हवे होते. शक्य आहे. 'उघड आहे' म्हणण्याइतकं नाही.

साताऱ्याचं २०२४ च्या लोकसभेचं उदाहरण याहून मजेशीर. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाला मिळालेलं चिन्ह दिसायला पिपाणीसारखं, पण मराठीत नाव 'तुतारी'च. पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, त्या अपक्षाला ३७,०६२. सारख्या नावामुळे चुकून गेलेली मतं शिंद्यांचीच होती असं मानलं, तरी दर १०० मतांमागे ८८ हून जास्त चुकून पडलेली असली तरच निकाल फिरतो. त्याच मतदारसंघातल्या इतर अनोळखी अपक्षांना किती मिळाली ते बघ, तेवढी त्या अपक्षाची 'स्वतःची' म्हणून वजा कर, आणि मग बोल. इथे तक्रारीत दम आहे असं मला वाटतं, कारण हिशेबात ती टिकते.

महापालिकेच्या निकालांवर लिहायचं असेल तर आणखी एक चांगली जागा आहे. मुंबई सोडली तर बहुतेक शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, अ, ब, क, ड. एकच मतदार तीन-चार बटणं दाबतो. त्यामुळे एका पक्षाच्या चार उमेदवारांची मतं एकाच केंद्रावर शेजारी ठेवली की पक्षाचं मत किती आणि माणसाचं किती हे दिसतं. अ ला ६१०, ब ला ५९५, क ला ६०२ आणि ड ला ३४० असेल तर पॅनल फुटलं, आणि ते कुठल्या गल्लीत फुटलं तेही कळतं. असं 'क्रॉस' मतदान मोजायची सोय विधानसभेत नाही. मात्र पाठ्यपुस्तकातला एक मुद्दा विसरू नकोस: या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. दोघांचे नियम वेगळे. नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक, असा आदेश आपल्या राज्य आयोगाने २०१८ ला स्थानिक निवडणुकांपुरता काढला. विधानसभेत तसं नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसरा आला, फरक काहीच पडला नाही.

एक्झिट पोलवर तू लिहिलेलं सगळं काढून टाक. २०२४ च्या लोकसभेला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर दाखवलं, आल्या २९३. त्यावर हसायला संध्याकाळ पुरते, लेख कशाला हवा.

पुढच्या हंगामात सभा कमी बघ. माघारीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर थांब, दुपारी ३ पर्यंत. कोणता बंडखोर कुणाच्या गाडीतून आला आणि अर्ज मागे न घेता फोन बंद करून कोण बसला, हे तिथेच कळतं. आणि एकदा तरी मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बस, पक्ष कुठलाही चालेल, फॉर्म १० भरून घे. मतदान ७ ला सुरू होतं, पण अभिरूप (चाचणी) मतदान दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला पोचायचं. प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकतात, मोजतात, आणि मग मशीन 'क्लिअर' करायचं असतं. घाईत हे क्लिअर करणं राहतं. मग मोजणीला मशीन आणि १७ सी जुळत नाहीत, ते केंद्र बाजूला ठेवतात, आणि मताधिक्य त्या केंद्राच्या मतांपेक्षा जास्त असेल तर ते उघडतही नाहीत. व्हॉट्सॲपवर 'मशीन गायब' म्हणून फिरतं त्यातलं काही हेच असतं. डब्यात दोन पोळ्या जास्त घेऊन जा, मधल्या वेळी बाहेर पडलास की तेवढ्यातच काहीतरी घडतं.

लेख लगेच पुन्हा लिहू नकोस. तुझा स्वतःचा मतदारसंघ घे, २०२४ चे दोन्ही फॉर्म २० उतरव. स्कॅन केलेली पानं तिरकी असतात, ३ आणि ८ मध्ये गफलत होते, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज 'एकूण'शी आणि प्रत्येक रकान्याची तळाच्या आकड्याशी जुळवून बघ. जुळली की फाईल पाठव. मजकूर नको, फक्त फाईल.

तुझा,
मार्गदर्शक